फार्माकॉलॉजीच्या संशोधकाची प्रकाशन-नोंद: आधी यादी स्वच्छ करा, मग आकडे मोजा

कोल्हापुरात फार्माकॉलॉजी शिकवणाऱ्या आणि त्यात संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पेपरांची यादी सतत कुणाला तरी द्यावी लागते. कधी बढतीची फाईल असते, कधी नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) तयारी, कधी पीएच.डी. गाईड म्हणून मान्यता, कधी प्रोजेक्टचा अर्ज. दर वेळी यादी नव्याने टाइप होते आणि दर वेळी पेपरांची संख्या वेगळी निघते. संशोधन-पेपरांचे डेटाबेस बघा: गूगल स्कॉलर ३४ दाखवते, स्कोपस १९, पबमेड (वैद्यकीय पेपरांचा) ७. हे तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण तिन्ही ठिकाणी मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पण ते जुळवून दाखवायची जबाबदारी संशोधकाची असते आणि समितीपुढे गडबड तिथेच होते.

पुढचा क्रम फार्मसी कॉलेजला लागू आहे, तसाच वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागालाही. तो मोडू नका. प्रोफाइलमध्ये दुसऱ्याचे पेपर मिसळलेले असताना काढलेला एच-इंडेक्स (इतर पेपरांनी दिलेल्या संदर्भांवरून, म्हणजे सायटेशनवरून, निघणारा आकडा) कुठेही टिकत नाही.

मूळ यादी

एक एक्सेल शीट उघडा आणि प्रत्येक पेपरला एक ओळ द्या. रकाने असे: शीर्षक छापले आहे तसे, सगळे लेखक छापलेल्या क्रमाने, त्यात तुमचा क्रमांक, करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) तुम्ही आहात का, जर्नलचे पूर्ण नाव, छापील आणि ऑनलाईन दोन्ही आयएसएसएन (जर्नलचा ओळख-क्रमांक), वर्ष, खंड, अंक, पाने, डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक), असल्यास पीएमआयडी (पबमेडमधला क्रमांक), पेपरचा प्रकार, प्रकाशनाच्या वेळी जर्नल कुठे इंडेक्स होते (कोणत्या डेटाबेसच्या यादीत होते), आणि मंजुरीचे क्रमांक. प्राण्यांवरचे काम असेल तर आयएईसीचा (संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीचा), माणसांवरचे असेल तर एथिक्स कमिटीचा, क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल-नोंदवहीचा). १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी मागते, त्यामुळे ट्रायलच्या पेपरात नोंदणीची तारीखही लिहून ठेवा.

दोन रकान्यांत सगळ्यात जास्त चुका होतात. पहिला प्रकाराचा. परिषदेत वाचलेला आणि जर्नलच्या पुरवणी अंकात छापलेला गोषवारा हा पेपर नाही. त्याची वेगळी शीट करा. संपादकाला पत्र, केस रिपोर्ट, रिव्ह्यू आणि मूळ संशोधन यांचीही सरमिसळ नको, कारण अनेक नियमांत फक्त काहीच प्रकार धरले जातात. दुसरा रकाना वर्षाचा. पेपर डिसेंबरमध्ये ऑनलाईन येतो आणि अंकात पुढच्या मार्चमध्ये बसतो. दोन्ही तारखा लिहा आणि यादीत एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. नाहीतर एकच पेपर दोन वर्षांच्या अहवालांत मोजला जातो, आणि तपासणीत दुबार नोंद म्हणून पकडला जातो.

लेखकाचा क्रमांक का लिहायचा, तेही समजून घ्या. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी जर्नल कोणत्या इंडेक्समध्ये आहे ते बघतात आणि लेखकांच्या यादीतले तुमचे स्थानही बघतात. दोन्हीकडचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या त्या नियामकाची ताजी अधिसूचना उघडून वाचा. सहकाऱ्याकडून आलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

नाव आणि पत्ता

आपल्या भागातल्या संशोधकाची सगळ्यात मोठी अडचण आडनावाची आहे. 'एस. बी. पाटील' या नावाने शोधा, एकाच जिल्ह्यातले कितीतरी लोक निघतील. त्यात आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. कधी ते पूर्ण छापले जाते, कधी एकच अक्षर येते, कधी गळते. लग्नानंतर मधले अक्षरही बदलते आणि आडनावही. चौगुले हे आडनाव इंग्रजीत 'ओयू', 'एयू' आणि 'ओडब्ल्यू' अशा तीन तऱ्हांनी लिहिले जाते. संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी माणसे. उपाय एकच. आजपासून प्रत्येक पेपरात नावाचे एकच रूप वापरा, शक्यतो पूर्ण पहिले नाव, मधले अक्षर आणि आडनाव. आधीची रूपे ऑर्किडमध्ये (संशोधकाला कायमचा ओळख-क्रमांक देणाऱ्या नोंदणीत) 'इतर नावे' या जागी भरा.

पत्त्याचेही तेच. 'डी. वाय. पाटील' या नावाची अभिमत विद्यापीठे कोल्हापूर, पुणे आणि नवी मुंबई या तिन्ही ठिकाणी आहेत, आणि ती वेगवेगळ्या संस्था आहेत. भारती विद्यापीठाची फार्मसी महाविद्यालयेही कोल्हापूर आणि पुण्यासह अनेक शहरांत आहेत. पेपरात नुसते संक्षिप्त नाव आणि 'महाराष्ट्र' असे लिहिले तर स्कोपसची यंत्रणा तो पेपर दुसऱ्या शहराच्या खात्यात टाकू शकते. विभाग, संस्थेचे अधिकृत पूर्ण नाव, कोल्हापूर, पिनकोड, महाराष्ट्र, भारत हा क्रम ठरवून घ्या आणि विभागातल्या सगळ्यांना तीच ओळ कॉपी करायला द्या. विद्यार्थ्याने हस्तलिखितात टाकलेला पत्ता गाईडने प्रूफच्या वेळी तपासायलाच हवा. पेपर छापून आल्यावर पत्ता दुरुस्त करायचा तर जर्नलकडे शुद्धिपत्र मागावे लागते.

प्रोफाइल कोणत्या आणि कशा

सुरुवात ऑर्किडपासून करा. १६ अंकी क्रमांक मोफत मिळतो. खाते उघडताना संस्थेचा आणि खासगी असे दोन ई-मेल द्या. नोकरी बदलली की संस्थेचा मेल बंद पडतो, मग खाते उघडता येत नाही आणि माणूस दुसरे खाते काढतो. दोन खाती झालीच असतील तर सेटिंग्जमध्ये दुबार खाते काढून टाकण्याची सोय आहे, ती वापरा. पेपर हाताने टाइप करू नका. 'सर्च अँड लिंक'मधून क्रॉसरेफ (डीओआयची नोंद ठेवणारी संस्था), स्कोपस आणि युरोप पीएमसी (जीवशास्त्र-वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस) जोडा किंवा डीओआय टाकून पेपर ओढून घ्या. क्रॉसरेफला आपोआप भर घालण्याची परवानगी द्या. पुढचे पेपर ऑर्किड क्रमांकासह सबमिट केले तर ते बहुधा स्वतःहून येऊन बसतात. दृश्यता 'सर्वांसाठी' ठेवा. बंद ठेवलेली प्रोफाइल समितीला रिकामी दिसते.

स्कोपसची प्रोफाइल तुम्ही उघडत नाही, ती यंत्रणाच तयार करते. लेखक-शोध मोफत आहे, वर्गणी लागत नाही. आपले आडनाव आणि संस्थेचे नाव टाकून बघा. दोन प्रकारचे दोष दिसतील: तुमचेच पेपर दोन-तीन आयडींत फुटलेले, किंवा तुमच्या आयडीत दुसऱ्याचे पेपर. दुसरा दोष जास्त गंभीर आहे, कारण त्याने आकडा फुगतो आणि पुढे तो तुमच्यावरच उलटतो. 'ऑथर फीडबॅक' या सोयीतून विलीनीकरण मागा आणि परके पेपर काढा. दुरुस्ती दिसायला वेळ लागतो, म्हणून फाईल देण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

गूगल स्कॉलरमध्ये एक सेटिंग ताबडतोब बदला. नवे पेपर आपोआप जोडण्याऐवजी आधी मेलने विचारले जावे, असा पर्याय निवडा. आपोआप जोडणीमुळेच पाटील, जाधव आणि शिंदे यांच्या प्रोफाइलमध्ये भलत्याच विषयांचे पेपर शिरतात. मग यादी वर्षानुसार लावून एकेक ओळ वाचा, परके पेपर काढा, आणि प्रीप्रिंट (परीक्षणाआधी ऑनलाईन टाकलेला मसुदा) व छापील आवृत्ती अशा जोड्या निवडून 'मर्ज' करा.

पबमेडमध्ये नावापुढे चौकटी कंसात लेखकाचा टॅग 'एयू' आणि कोल्हापूरपुढे पत्त्याचा टॅग 'एडी' लावून शोधा. इथे एक खाच आहे. २०१४च्या आधी पबमेड साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे. त्यामुळे जुन्या पेपरात तुम्ही दुसरे किंवा तिसरे लेखक असाल आणि पहिला लेखक दुसऱ्या गावचा असेल, तर 'कोल्हापूर' टाकून तो पेपर सापडणार नाही. तो शीर्षकाने शोधा आणि 'माय बिब्लिओग्राफी'त साठवा.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे (विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे) 'विद्वान' हे संशोधकांच्या माहितीचे पोर्टल शेवटी भरा. तिथे ऑर्किड, स्कोपस आणि स्कॉलरचे आयडी द्यावे लागतात, आणि ते आधी स्वच्छ नसतील तर तिथेही तीच घाण उतरते.

जर्नल खरे आहे का

'पबमेडमध्ये आहे' आणि 'मेडलाईनमध्ये आहे' या दोन गोष्टी एक नाहीत. मेडलाईन हा पबमेडचा निवडक भाग आहे आणि त्यातल्या पेपरांना मेश संज्ञा (ठरलेले विषय-शब्द) लावलेल्या असतात. पबमेड सेंट्रल हे पूर्ण मजकुराचे भांडार, त्याचे निकष वेगळे. नियमात जो शब्द आहे तोच तपासा. एनएलएम (अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नलचे नाव टाकले की ते सध्या मेडलाईनमध्ये इंडेक्स होते का, ते स्पष्ट लिहिलेले असते. स्कोपसची जर्नल-यादी मोफत बघता येते. त्यात जर्नलपुढे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत समावेश आहे ते दिसते, आणि काढून टाकलेल्या जर्नलवर तसा शेराही असतो.

पुष्कळांची फसगत होते ती बनावट जुळ्या जर्नलमध्ये. नाव खरे, आयएसएसएन खरा, पण वेबसाईट तिसऱ्याच माणसाची. तुम्हाला मेलमध्ये आलेली लिंक कधीच वापरू नका. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सच्या यादीतून प्रकाशकाचे नाव घ्या आणि त्या प्रकाशकाच्या साईटवरून जर्नलकडे जा. इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलच्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्याच्या) बाबतीतही हीच सावधगिरी हवी. बढतीच्या नियमात जो इम्पॅक्ट फॅक्टर अपेक्षित असतो तो क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणे लावून वेबसाईटवर झळकणाऱ्या आकड्यांना काही अर्थ नाही.

जर्नल नंतर इंडेक्समधून गेले तर काय, याची भीती सगळ्यांना असते. पेपर छापून येईल त्याच दिवशी इंडेक्सच्या पानाची तारखेसह पीडीएफ काढा आणि पेपरच्या फोल्डरमध्ये ठेवा. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलची यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. त्या काळातल्या पेपरांसाठी हा कागद आज किती मोलाचा ठरतो, ते ज्यांच्याकडे तो नाही त्यांना विचारा.

आकडे: कसे काढायचे आणि कुठे फसवतात

समजा एका संशोधकाचे १२ पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी: ४१, २३, १७, ११, ९, ८, ६, ६, ४, ३, १, ०. एकूण १२९. एच-इंडेक्स म्हणजे किमान तितकीच सायटेशन मिळालेल्या पेपरांची सर्वांत मोठी संख्या. तो काढायला क्रमांक आणि सायटेशन शेजारी शेजारी ठेवा. सहाव्या पेपरला ८ आहेत, म्हणजे ६ पेक्षा कमी नाहीत. सातव्याला ६ आहेत, म्हणजे ७ पेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ६. किमान १० सायटेशनचे पेपर ४, म्हणून आय-टेन ४. जी-इंडेक्ससाठी वरपासून बेरीज करत जा आणि क्रमांकाच्या वर्गाशी ताडून बघा. पहिल्या अकरा पेपरांची बेरीज १२९, अकराचा वर्ग १२१. बाराव्यालाही बेरीज १२९च राहते, पण वर्ग १४४ होतो. म्हणून जी-इंडेक्स ११.

आता बघा, सातव्या पेपरला फक्त एक सायटेशन आणखी मिळाले की एच-इंडेक्स ७ होतो. ते एक सायटेशन संशोधकाने स्वतःच्याच पुढच्या पेपरात दिलेले असू शकते. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा आकडा मांडला तो एकाच विषयातल्या, साधारण सारख्या कारकिर्दीच्या लोकांची तुलना करण्याच्या हेतूने. दहा वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाची तीस वर्षे झालेल्याशी त्यावरून तुलना करणे अन्याय आहे. स्कोपसच्या वर्गणी असलेल्या आवृत्तीत स्व-सायटेशन वगळून आकडा काढता येतो. तो काढा आणि दोन्ही आकडे फाईलमध्ये द्या. समितीने विचारण्याआधी आपण दिलेला आकडा विश्वास वाढवतो. आकड्याशेजारी कोणत्या डेटाबेसमधला आणि कोणत्या तारखेचा, हे लिहिल्याशिवाय तो देऊच नका.

फार्माकॉलॉजीच्या आतसुद्धा सायटेशनचे वळण सारखे नाही. कर्करोगावरच्या औषधांचा पेपर किंवा एखाद्या वनस्पतीवरचा रिव्ह्यू भराभर सायटेशन गोळा करतो. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातला औषध-वापराचा अभ्यास किंवा दुष्परिणामांची केस रिपोर्ट तशी करत नाही, पण तिचा उपयोग कमी नसतो. म्हणून विषयानुसार समायोजित आकडा जोडा. अमेरिकेच्या एनआयएचचे (राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे) 'आयसाइट' हे साधन मोफत आहे. पीएमआयडींची यादी त्यात टाकली की प्रत्येक पेपरचे सापेक्ष सायटेशन-गुणोत्तर (आपल्या विषयातल्या पेपरांच्या तुलनेत सायटेशन किती) मिळते. १ म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या पेपरांची मध्यम पातळी. तुमच्या पेपरचा किती क्लिनिकल पेपरांनी आधार घेतला, तेही तिथे दिसते, आणि फार्माकॉलॉजीच्या माणसाला यापेक्षा बोलका आकडा क्वचितच मिळेल. फक्त पबमेडमधलेच पेपर तिथे मोजले जातात आणि अगदी ताज्या पेपरांचे आकडे तात्पुरते असतात, एवढे लक्षात ठेवा.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर हा तुमच्या पेपरचा आकडा नव्हे. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख, एवढाच तो हिशोब आहे. त्यातली बरीचशी सायटेशन मोजक्या लेखांची असतात. इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज करून 'एकूण इम्पॅक्ट' लिहिण्याची पद्धत आमच्या मते सोडूनच द्यावी. गुणपत्रकाने मागितला तर प्रत्येक पेपरपुढे त्या वर्षाचा आकडा लिहा, बेरीज नको.

सायटेशनबाहेरचा प्रभाव

तुमच्या पेपरचा उल्लेख एखाद्या पेटंटमध्ये आहे का, ते 'द लेन्स' या मोफत साधनावर डीओआय टाकून दिसते. नवा रेणू आणि त्याची आयसी-५० (निम्मा प्रतिबंध करणारी मात्रा) छापली असेल तर 'केम्बल'मध्ये रेणूच्या संरचनेने शोधा. युरोपीय संस्थेचा हा डेटाबेस पेपरांतून अशी माहिती उचलतो, आणि तिथली नोंद म्हणजे कुणीतरी तुमचा आकडा पुढच्या कामासाठी घेऊ शकतो. २०१० पासून चाललेल्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या) कार्यक्रमात विभागाने पाठवलेले अहवाल, मेटा-अॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) तुमच्या अभ्यासाचा समावेश, उपचार-मार्गदर्शक तत्त्वांतला संदर्भ, हे सगळे पुराव्यासह वेगळ्या रकान्यात लिहा.

वापरला जाईल असा पेपर

प्रभाव वाढवायचा खरा रस्ता हस्तलिखितातूनच जातो. नेहमीचे उदाहरण घ्या: उंदरांच्या पायाला कॅराजिननने सूज आणून वनस्पतीच्या अर्काची चाचणी. गटात सहा प्राणी, तक्त्यात 'मीन ± एसईएम' (सरासरी आणि तिची प्रमाण-त्रुटी), शेवटी टक्क्यांत प्रतिबंध. मेटा-अॅनालिसिस करणाऱ्याला यातून एसडी (प्रमाण विचलन) लागतो. एसडी म्हणजे एसईएम गुणिले प्राण्यांच्या संख्येचे वर्गमूळ, सहा प्राण्यांसाठी २.४५ पट. ± चिन्हापुढे काय आहे हे लिहिले नाही आणि वाचणाऱ्याने एसईएमलाच एसडी धरले, तर प्रमाणित परिणाम २.४५ पट फुगतो. जाणकार संशोधक अशी शंका आली की तो पेपर बाजूला ठेवतो, आणि तुमचे एक चांगले सायटेशन तिथेच जाते. एसडी द्या, प्रत्येक गटातली शेवटपर्यंत राहिलेल्या प्राण्यांची संख्या द्या, प्रत्येक तासाची मूळ मापे पुरवणी फाईलमध्ये द्या. प्राण्यांची वाटणी यादृच्छिक होती का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे प्राण्यांवरच्या संशोधनाच्या 'अराइव्ह' मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकेका वाक्यात लिहा.

सह्याद्रीतल्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे. ज्यातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य मिळते ती नरक्या जुन्या पेपरांत मॅपिया फोएटिडा आहे, नंतरच्या पेपरांत नोथापोडायटिस निम्मोनिआना. एकच नाव वापरलेला पेपर दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला सापडत नाही. शीर्षकात मान्य नाव घ्या, ते क्यू उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाईन'वर तपासा, आणि गोषवाऱ्यात व कीवर्डमध्ये जुनी नावेही द्या. नमुना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागासारख्या मान्य हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात) जमा करून त्याचा क्रमांक पेपरात छापा. एथ्नोफार्माकॉलॉजीची चांगली जर्नल्स तो क्रमांक नसेल तर हस्तलिखित परीक्षकांपर्यंतही जाऊ देत नाहीत.

फाईलमध्ये काय लिहायचे

संपूर्ण यादी जोडाच, पण तिच्या आधी पाच निवडक पेपर द्या आणि प्रत्येकाखाली तीन-चार वाक्ये लिहा: प्रश्न काय होता, त्यात तुमचे काम नेमके कोणते, आणि निष्कर्ष पुढे कुणी वापरला. 'माझे काम' लिहिताना 'क्रेडिट' या लेखकांच्या कामाची वर्गवारी करणाऱ्या पद्धतीतल्या १४ भूमिकांचे शब्द घ्या, जसे संकल्पना, प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा. सहलेखकांनी त्यांच्या फाईलमध्ये तीच भूमिका स्वतःच्या नावावर लिहिलेली नाही ना, ते त्यांच्याशी बोलून घ्या.

एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तो यादीतून गुपचूप काढू नका. त्याच्यापुढे तसे लिहा, तारीख आणि कारण द्या, आणि आकड्यांतून वगळा. डेटाबेसमध्ये ती नोंद कायम राहते आणि तपासणाऱ्याला दिसतेच. तुम्ही ज्यांचा आधार घेतला त्या पेपरांचेही असेच. रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या पेपरांचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफने सर्वांना खुला केला आहे. संदर्भ झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत असाल तर मागे घेतलेल्या पेपरवर तिथे आपोआप खूण येते. हस्तलिखित पाठवण्याच्या दिवशी ती यादी एकदा उघडा.